कोविड 'इम्युनिटी चेक' पॅकेज: रक्त घेणाऱ्या पोराला पाच स्टार, रिपोर्टला दीड

लॅबचं नाव टाकत नाहीये. निम्मी माणसं तिथं खरंच चांगली भेटली, आणि हेच पॅकेज थोड्या वेगळ्या नावानं अजून चार ठिकाणी विकतायत, मग एकट्याला कशाला धोपटा. कर्वेनगरात कलेक्शन सेंटर आहे, मेन लॅब लांब कुठंतरी. पॅकेजमध्ये कोविडच्या दोन अँटीबॉडी टेस्ट (अँटीबॉडी म्हणजे व्हायरसशी लढायला शरीर बनवतं ती प्रोटीन), सोबत एक 'इम्युनिटी स्कोअर' आणि डॉक्टरांशी फोनवर बोलणं 'फ्री'. एकाचे १६५०, तिघांचे मिळून ४२००. तिघं म्हणजे मी, बायको आणि आई.

आता २०२५ मध्ये ४२०० रुपये कोविडवर कोण घालवतं असं वाटेल. मलाही वाटलंच. पण मे महिन्यात परत बातम्या सुरू झाल्या, एनबी.१.८.१ काय, एलएफ.७ काय, व्हायरसच्या नव्या अवतारांची ही नावं वाचून गाडीचे पार्ट वाटतात, आणि सोसायटीच्या ग्रुपवर जे २०२१ नंतर गप्प झाले होते ते सगळे काढेवाले परत जागे झाले. आई पंचाहत्तरची, शुगर आहे. ती दोन दिवस एकच विचारत होती, "अरे, माझ्या त्या तीन लशी अजून चालू आहेत का संपल्या?" जसं काय मोबाईलचं रिचार्ज. मला उत्तर देता येईना. तेवढ्यात लॅबचा मेसेज आला, 'जाणून घ्या तुमची कोविड इम्युनिटी किती टक्के शिल्लक', आणि मी बुक करून टाकलं. आईचा प्रश्न आणि लॅबची जाहिरात इतकी एकमेकांत बसली की डोकं चालवायला वेळच मिळाला नाही, हे माझंच चुकलं.

बुकिंग सोपं. ॲपवर नाही तर फोनवर, फोन लगेच उचलतात, पत्ता सांगताना 'जवळची खूण' विचारतात आणि ती त्यांना कळतेसुद्धा, हे आमच्या गल्लीच्या बाबतीत मोठंच आहे. रविवारी सकाळी सातची वेळ घेतली, पोरगा सहा पन्नासला खाली हजर. वर आल्यावर आधी हात धुतले, नवीन ग्लोव्हज आमच्यासमोर फोडले, प्रत्येक ट्यूबवर नाव आणि वय आधी चिकटवलं आणि प्रत्येकाकडून मोठ्यानं वदवून घेतलं. आईची शीर सापडत नाही, हॉस्पिटलमध्ये दोनदा तीनदा टोचून हात काळानिळा करून ठेवतात, ह्यानं दंडाला पट्टा बांधला, दोन बोटांनी चाचपलं, "आजी, मूठ उघडा-मिटा करा आणि नातवंडं काय करतात ते सांगा", आणि आई नातवाच्या बारावीपर्यंत पोचायच्या आत पिवळ्या झाकणाची ट्यूब भरून झाली होती. कापसाचा बोळा दाबून धरायला लावला, पाच मिनिटं बसून राहिला, मग पुढं गेला. ह्या पोराला पाचच्या पाच स्टार, सहा असते तर सहा.

एक तक्रार इथंच. ह्या टेस्टला उपाशी राहायची गरज नसते. पण मेसेजमध्ये तसं कुठं लिहिलं नाही आणि आईनं आपलं रक्त म्हणजे उपाशी असं धरून रात्री आठपासून तोंडात काही घातलं नाही, गोळीसुद्धा थांबवून ठेवली. शुगरच्या माणसाला अकरा तास. पोरानंच सांगितलं की आजी चहा घेतला असता तरी चाललं असतं, तेव्हा तिनं माझ्याकडं जे बघितलं ते इथं लिहिता येणार नाही. एक ओळ टाका राव मेसेजमध्ये.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी संध्याकाळी व्हॉट्सॲपवर. रंगीत, पाच पानी, पहिल्या पानावर हसरा चेहरा आणि हिरवा पट्टा. खाली स्पाइक अँटीबॉडी, कटऑफ (ह्याच्या वर गेलं की पॉझिटिव्ह) ०.८ युनिट, आणि आकडा: २५० पेक्षा जास्त. माझा २५० पेक्षा जास्त. बायकोचा २५० पेक्षा जास्त. आईचा, २५० पेक्षा जास्त. तिघांना 'उत्तम इम्युनिटी'. म्हणजे ४२०० रुपये देऊन तीन वेळा एकच ओळ विकत घेतली.

आता ह्यात मजा काय ते कळायला आमच्या तिघांची कुंडली सांगावी लागेल, कारण तिघं तीन वेगळ्या वाटेनं इथं आलोय. मला एप्रिल २०२१ मध्ये झाला, लस मिळायच्या आत, कारण पंचेचाळीसच्या खालच्यांना लस १ मेपासून सुरू झाली. तेव्हा पुण्यात बेड म्हणजे काय होतं ते पुणेकरांना सांगायला नको. एचआरसीटी, म्हणजे छातीच्या स्कॅनचा स्कोअर आठ, ऑक्सिजन दोन दिवस ९१-९२ वर लटकलेला, आणि मी कर्वेनगरच्या बेडरूममध्ये पालथा पडून छताऐवजी उशी बघत. बहुतेक डेल्टाच असणार. बरा झाल्यावर तीन महिने थांबा असा तेव्हाचा नियम होता, मग ऑगस्टमध्ये कोविशील्डचा पहिला, ८४ दिवस मोजून नोव्हेंबरात दुसरा. बायकोला कधीच झाला नाही, म्हणजे कधी पॉझिटिव्ह आली नाही, तिनं जून-जुलै २०२१ मध्ये कोव्हॅक्सिनचे दोन घेतले. आईचं सगळं उलट्या क्रमानं, मार्च आणि मे २०२१ मध्ये कोविशील्ड आधी, मग जानेवारी २०२२ मध्ये ओमिक्रॉनच्या लाटेत आरटी-पीसीआर पॉझिटिव्ह, तीन दिवस कणकण आणि घसा, बाकी काही नाही, आणि मेमध्ये प्रिकॉशन डोस, म्हणजे तिसरा.

तर एक जण आधी आजार मग लस, एक जण आधी लस मग आजार मग परत लस, आणि एक जण नुसती लस. आणि मशीन म्हणतं तिघंही सारखेच. कारण साधं आहे, हे त्या 'पेक्षा जास्त' मध्ये लपलंय. मशीन २५० पर्यंतच मोजतं, त्याच्या वर मोजायचं तर सॅम्पल डायल्यूट करून परत लावावं लागतं, ते ह्यांनी केलं नाही. काटा अडीचशे किलोपर्यंतच असेल तर बैल काय आणि हत्ती काय.

दुसरी टेस्ट जास्त इंटरेस्टिंग होती आणि तिच्यावरच रिपोर्टात एक अक्षर धड लिहिलेलं नाही. तिला न्यूक्लिओकॅप्सिड म्हणतात, लॅबवाले नुसतं 'एन' म्हणतात. कोविशील्डमधून शरीराला व्हायरसचा फक्त स्पाइक, म्हणजे बाहेरचा काटा दाखवला जातो. एन हे व्हायरसच्या पोटातलं प्रोटीन, ते कोविशील्डमध्ये नसतंच. त्यामुळं कोविशील्डवाल्याची एन टेस्ट पॉझिटिव्ह आली तर त्याला खरा व्हायरस कधीतरी भेटलाय एवढं नक्की. आता निकाल बघा. मी पॉझिटिव्ह, ठीक. आई, जिच्याकडं आरटी-पीसीआरचा कागद आहे, ती निगेटिव्ह. आणि बायको, जिला 'कधीच झाला नाही', ती पॉझिटिव्ह. रिपोर्टाखाली छापील वाक्य: 'पूर्वी संसर्ग झाला नसल्याची शक्यता', हे आईला. 'पूर्वी संसर्ग झालेला आहे', हे बायकोला. घरात अर्धा तास भांडण, बायको म्हणे मी आजारी पडले असते तर तुम्हाला डबा कोणी दिला असता, आई म्हणे मग मी ते सात दिवस खोलीत काय पिकनिकला बसले होते.

म्हणून मग ते 'फ्री' डॉक्टरांशी बोलणं वसूल करायचं ठरवलं. इथं लॅबला परत मार्क द्यावे लागतील. पहिल्यांदा एका मुलीनं फोन केला जी रिपोर्ट वाचूनच दाखवत होती, मी वैतागलो, म्हटलं रिपोर्ट मलाही वाचता येतो. तर तिनं न चिडता पॅथॉलॉजिस्ट मॅडमशी वेळ लावून दिली आणि मॅडम संध्याकाळी साडेआठला, बहुतेक घरूनच, मागं कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, पंचवीस मिनिटं बोलल्या. आणि पहिलंच वाक्य, "सर, खरं सांगू का, तुम्ही आधी मला विचारलं असतं तर मी ही टेस्ट करू नका म्हटलं असतं." लॅबच्याच माणसानं हे म्हणणं म्हणजे मिठाईवाल्यानं आज बर्फी घेऊ नका म्हणण्यासारखं. माझं निम्मं डोकं तिथंच शांत झालं.

आईचं निगेटिव्ह का, तर एनच्या अँटीबॉडी काळाबरोबर उतरतात, सौम्य आजारात मुळात कमीच बनतात, लस घेतलेल्या माणसाला सौम्य झाला तर कधी धड बनतही नाहीत, साडेतीन वर्षांनी त्या कटऑफच्या खाली गेल्या ह्यात नवल नाही. निगेटिव्ह म्हणजे झालाच नव्हता असं नाही. बायकोचं पॉझिटिव्ह का, तर कोव्हॅक्सिन म्हणजे अख्खा व्हायरस मारून केलेली लस, आपल्याच एनआयव्हीनं, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेनं, वेगळा काढलेला व्हायरस भारत बायोटेकला दिला त्याच्यापासून, त्यात स्पाइकबरोबर एनसुद्धा असतं. म्हणजे एन लसीमुळंही येऊ शकतं. चार वर्षांनंतर अजून दिसतंय म्हणजे मधे कधीतरी न कळत होऊन गेला असण्याची शक्यता जास्त, लक्षण न दिसता होणारे खूप असतात, पण ह्या एका कागदावरून तसं ठामपणे म्हणता येत नाही. कोविशील्ड की कोव्हॅक्सिन हे बुकिंगच्या वेळी कोणी विचारलंच नव्हतं! ज्या एका प्रश्नावर अख्ख्या टेस्टचा अर्थ अवलंबून आहे तोच फॉर्ममध्ये नाही, आणि 'तुम्ही व्हेज की नॉनव्हेज' हा आहे. अर्धा स्टार इथं गेला.

मग मी मूळ मुद्द्यावर आलो, म्हटलं मॅडम तिघांत जास्त सेफ कोण. आणि इथून पुढं त्या जे बोलल्या, आणि मी नंतर जे चार दिवस वाचत बसलो, ते सगळं मिसळून लिहितो, कारण पॅकेजमध्ये मला खरं पाहिजे होतं ते हे होतं आणि ते पाच पानांत कुठंच नव्हतं.

रक्तातल्या अँटीबॉडीचा आकडा म्हणजे इम्युनिटी नव्हे. आजारानंतर किंवा लसीनंतर तो आकडा वर जातो आणि मग उतरतो, उतरलाच पाहिजे, नाहीतर आपण आयुष्यभरात भेटलेल्या सगळ्या जंतूंच्या अँटीबॉडी साठून रक्ताचा पिठल्यासारखा गोळा होईल. मागं उरतात त्या मेमरी पेशी. मेमरी बी पेशी, ज्या परत तोच शत्रू दिसला की काही दिवसांत नव्या अँटीबॉडी काढतात, आणि टी पेशी, ज्या व्हायरस शिरलेली आपलीच पेशी ओळखून संपवतात. ह्या दोघींपैकी कोणीच ह्या १६५० च्या टेस्टमध्ये दिसत नाही. शिवाय टेस्टमध्ये मोजतात तो स्पाइक मूळच्या, २०२० सालच्या व्हायरसचा. आज फिरतायत ते सगळे ओमिक्रॉनच्या खानदानातले, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये पहिला ओमिक्रॉन आला तोच स्पाइकमध्ये तीसपेक्षा जास्त बदल घेऊन. म्हणजे जुन्या फोटोशी चेहरा जुळतोय का ते मशीन बघतंय, दारात उभा आहे तो वेगळाच.

आईला मी हे असं सांगितलं. आपल्या वॉचमनला वरच्या मजल्यावरची ती स्कूटरवाली मुलगी कशी ओळखू येते? स्कार्फवरून. पुण्यातली पोरगी, डोळे सोडून सगळं गुंडाळलेलं. उद्या तिनं स्कार्फ बदलला तर नवीन वॉचमन अडवतो, जुना अडवत नाही, कारण जुन्याला गाडी माहितीये, वळताना पाय टेकवायची लकब माहितीये. कोविशील्डनं शरीराला स्कार्फ दाखवला, नीट, जवळून, दोनदा. खऱ्या आजारानं पोरगी, गाडी, लकब सगळं दाखवलं पण घाईत आणि मारामारीत. दोन्ही ज्याला मिळालं त्याचा वॉचमन सगळ्यात तयार. ओमिक्रॉननं स्कार्फ बदलला म्हणून अँटीबॉडी फसल्या, पण टी पेशी व्हायरसच्या बऱ्याच वेगवेगळ्या तुकड्यांवरून ओळखतात आणि ते सगळे तुकडे एकदम बदलणं व्हायरसला जमत नाही. आईनं विचारलं, "म्हणजे मी चोराला आत घेईन पण तिजोरीपर्यंत जाऊ देणार नाही?" मॅडमना हे वाक्य ऐकवायला पाहिजे होतं.

ह्यालाच हायब्रिड इम्युनिटी म्हणतात. २०२१ मध्ये शेन क्रॉटी नावाच्या अमेरिकन इम्युनॉलॉजिस्टनं 'सायन्स'मध्ये ह्यावर लिहिलं होतं, की आधी आजार झालेल्यांना लस दिल्यावर बीटा व्हेरियंट, म्हणजे व्हायरसचा एक बदललेला अवतार, त्याच्याविरुद्धच्या अँटीबॉडी नुसत्या आजारापेक्षा साधारण १०० पट आणि नुसत्या लसीपेक्षा २५ पट दिसल्या. आणि गंमत अशी की त्या लोकांनी ना बीटा पाहिला होता ना त्यांच्या लसीत तो होता. कसं, तर आजारानंतर कित्येक महिने लिम्फ नोडमध्ये, म्हणजे काखेत-गळ्यात असतात त्या गाठींत, बी पेशींची आपापसात परीक्षा चालू असते, जी जास्त घट्ट पकडते ती पुढं, बाकीच्या नापास, आणि त्यात काही पेशी अशा तयार होतात ज्या मूळ स्पाइकपेक्षा जरा वेगळा स्पाइकही पकडतील. लस मिळाली की ह्या घोटून तयार झालेल्या पेशींना एकदम हाक जाते. म्हणूनच आधी आजारी पडलेल्यांना पहिला डोसच बूस्टरसारखा लागू पडला, आयसीएमआरनं, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं, कोव्हॅक्सिनवर केलेल्या छोट्या अभ्यासातही तेच दिसलं, आजार झालेल्यांच्या एका डोसला न झालेल्यांच्या दोन डोसांच्या तोडीच्या अँटीबॉडी. आणि आपल्या पुण्यातल्या एनआयव्हीनं २०२१ मध्येच कोविशील्ड घेतलेल्यांचं रक्त डेल्टावर लावून बघितलं होतं, त्यातही आजार अधिक लसवाले पुढं. हे सगळं आपल्या घरापासून आठ-दहा किलोमीटरवर चाललेलं आणि मी लॅबच्या हसऱ्या चेहऱ्याकडं बघून खूश.

आधी आजार मग लस, का आधी लस मग आजार, ह्यात फरक आहे का असं मी विचारलं, कारण घरात मी आणि आई दोन्ही नमुने. इम्युनिटीच्या हिशोबात दोघंही हायब्रिडच. फरक आजाराच्या वेळी पडतो. माझा व्हायरस कोऱ्या शरीरात आला, छातीत शिरला, आईच्या शरीरानं त्याला आधी दोनदा पाहिलेलं, घशातच अडवला. एकाहत्तर-बहात्तरची शुगरवाली बाई तीन दिवसांत उठली आणि बेचाळिशीचा मी पालथा. आता मान्य, डेल्टा आणि ओमिक्रॉन वेगळे, ओमिक्रॉन छातीपेक्षा वरच्या श्वासमार्गात जास्त रमतो, म्हणून नुसत्या आमच्या दोघांवरून सिद्धांत मांडू नका. पण क्रम निवडायची मुभा असती तर मी आईचा घेतला असता.

टक्के पाहिजेत तर २०२३ च्या 'लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेस'मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र हिशोब आहे, ओमिक्रॉनच्या काळातला. नुसता आजार झालेल्यांना वर्षभरानंतर गंभीर आजार किंवा ॲडमिट होण्यापासून साधारण ७४.६ टक्के संरक्षण, आजार अधिक लसवाल्यांना ९७.४. परत लागण न होण्याचं मात्र अनुक्रमे २४.७ आणि ४१.८. म्हणजे बघा, भारीतली भारी इम्युनिटी असली तरी वर्षानं निम्म्याहून जास्त दार उघडंच, पण हॉस्पिटलचं दार जवळजवळ बंद. आणि हे असं का, तर लागण अडवायला नाकातोंडाच्या आतल्या अस्तरात ताज्या अँटीबॉडी लागतात, त्या लवकर विरतात, दंडात टोचलेली लस तिथं फार काही पोचवत नाही, खरा आजार पोचवतो पण तेही कायमचं नाही. नाकातून द्यायची लस त्याचसाठी काढली होती, जानेवारी २०२३ मध्ये भारत बायोटेकची आलीसुद्धा, आमच्या ओळखीत घेतलेला एकही माणूस नाही.

आणि आता ते, ज्यावर सोसायटीच्या ग्रुपवर माझं एकाशी वाजलं. हे टक्के वाचून एक जण म्हणाले, मग काय, होऊन जाऊ द्या एकदा, नॅचरल बूस्टर. मी म्हटलं काका, ह्या हिशोबात फक्त वाचलेलेच असतात. आजार होऊन इम्युनिटी मिळाली असं म्हणायला आधी आजारातून बाहेर यावं लागतं. आमच्या बी विंगचे जे एप्रिल २०२१ मध्ये गेले, त्यांना लसीचा पहिला डोस मिळून नऊ दिवस झाले होते, म्हणजे त्या डोसानं काही उभं करायच्या आतच गाठलं, त्यांची मेमरी पेशी कुठल्याच अभ्यासात नाही. त्यांच्या पार्किंगमध्ये अजून कोणी गाडी लावत नाही. लसीनं स्पाइक ओळखायला शिकणं म्हणजे स्विमिंग टँकमध्ये पोहायला शिकणं, आणि आजारानं शिकणं म्हणजे पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर मुठेत. दोन्हीकडून आलेला पोहणारा तरबेज असेलही, म्हणून नदीत कोणी ढकलून देतं का. काकांनी उत्तर दिलं नाही, 🙏 टाकला.

त्याच ग्रुपवर दुसरी गंमत, ए विंगमधल्या एकांनी दुसऱ्या लॅबमधून टेस्ट केली आणि आकडा टाकला, १८६०! आणि आमचे बिचारे 'अडीचशे पेक्षा जास्त'. बायकोला वाटलं ते सातपट सेफ. तर त्यांच्या रिपोर्टवर युनिट वेगळं होतं, एयू. प्रत्येक कंपनीच्या किटची मोजपट्टी वेगळी, म्हणून तर डब्ल्यूएचओला एक सामायिक युनिट काढावं लागलं, बीएयू. एका चालू किटच्या एयू आकड्याला ०.१४२ नं गुणलं की बीएयू मिळतात, त्या हिशोबानं १८६० चे होतात साधारण २६४. ग्रुपवर हे गणित टाकल्यापासून ए विंगचे लिफ्टमध्ये माझ्याशी बोलत नाहीत. बोर्डाचे मार्क आणि सीईटीचे मार्क एकमेकांशेजारी लावून कोण हुशार ठरवायचं, हे आपल्याकडं पिढ्यान् पिढ्या चालू आहे, अँटीबॉडी तरी कशी सुटेल.

शिवाय आकडा कितीही आला तरी किती आला म्हणजे सेफ, ही रेघच कुठं ठरलेली नाही. अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषधांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्यानं, मे २०२१ मध्येच सांगून ठेवलंय की लसीनंतर इम्युनिटी किती आहे हे ठरवायला ह्या अँटीबॉडी टेस्ट वापरू नका. चार वर्षं झाली ह्याला. आणि इथं रिपोर्टवर हिरवा पट्टा, हसरा चेहरा. माझा खरा राग इथं आहे. पिवळा किंवा लाल आला असता तर आईनं रात्रभर जागरण केलं असतं आणि हिरवा आला म्हणून ती दुसऱ्या दिवशी मास्क न लावता लग्नाला निघाली होती, दोन्ही चूक, दोन्ही ह्या पट्ट्यामुळं. मॅडमना म्हटलं तुम्ही हे थांबवत का नाही, त्या म्हणाल्या डिझाईन टीम वेगळी आहे सर. एवढंच म्हणाल्या आणि कुकर बंद करायला गेल्या.

मग आईनं परत लस घ्यायची का? मॅडमचं म्हणणं, हे आकड्यावरून नाही ठरत, वय, शुगर, शेवटचा डोस किंवा शेवटचा आजार कधी ह्यावरून तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोला. बोललो. डॉक्टर म्हणाले मिळत असेल तर नवीन व्हेरियंटच्या जवळची घ्या, जुनीच मूळ व्हायरसची परत परत घेऊन शरीर परत परत तोच जुना धडा घोकतं. ह्याला इम्प्रिंटिंग म्हणतात, पहिल्यांदा जो व्हायरस पाहिला त्याचीच छाप पुढं पडत राहते, फ्लूच्या बाबतीत थॉमस फ्रान्सिस ह्या संशोधकानं हे १९६० मध्येच मांडलं होतं. ओमिक्रॉनसाठीची एमआरएनए लस आपल्या हिंजवडीच्या जेनोव्हानं २०२३ मध्ये काढली होती, सुई न लागणारी. मी आमच्या भागातल्या तीन ठिकाणी फोन केले. तिन्हीकडं 'स्टॉक नाही, मागणीच नाही' हे उत्तर. पुण्यात लस बनते, पुण्यात व्हायरस तपासतात आणि पुण्यात मिळत नाही, आमचा शुद्ध पुणेरी अनुभव.

तर घ्यावं का हे पॅकेज? सर्दी-ताप असेल तर हे नाहीच, तेव्हा आरटी-पीसीआर किंवा अँटिजेन. नुसती उत्सुकता असेल तर आपल्याला न कळत झाला होता का एवढ्यापुरती एकटी एन टेस्ट करा, तीही कोविशील्डवाले असाल तरच, आणि निगेटिव्ह आली तर मनाला लावून घेऊ नका. ज्यांचं ट्रान्सप्लांट झालंय किंवा इम्युनिटी दाबायची औषधं चालू आहेत त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं तर गोष्ट वेगळी. बाकी 'किती टक्के शिल्लक' हे कोणी सांगत असेल तर हसा आणि चहा प्या, उपाशी राहू नका. होम कलेक्शनसाठी मात्र हीच लॅब, डोळे झाकून. रिपोर्टला दीड स्टार, त्यातला एक मॅडमचा.

परवा लॅबचा परत फोन आला, सर तीन महिने झाले, इम्युनिटी चेक रिपीट करायचं का, दहा टक्के ऑफ आहे. मी नाही म्हणत होतो तेवढ्यात आईनं फोन घेतला. "ते नको. शुगरची ती एचबीए१सी करायची आहे, किती? आणि पोरगा मागच्या वेळचाच पाठवा, नातू बारावीला पास झाला ते त्याला सांगायचं राहिलंय."